आधी थंड पाणी

गुरुवार, ८ सप्टेंबर

प्रिय अक्का,

धाकट्याचा नमस्कार. आशीर्वाद वाटणं हा माझा रोजचा उद्योग असला, तरी तुला द्यायची अजून छाती होत नाही. तेव्हा तूच दे, आणि जरा सढळ दे.

पत्र टाइप केलेलं बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. कचेरीत नवं यंत्र आलंय. सगळ्या धर्मप्रांताला 'नवं ते आपलंसं करा' म्हणून सांगत हिंडायचं आणि आर्चबिशपने स्वतः मात्र दौत-टाक घेऊन बसायचं, हे काही बरं दिसत नाही. म्हणून दोन बोटांनी टकटक करत बसलोय. शेजारच्या खोलीतून चिटणीस फादर दर पाच मिनिटांनी खोकतात. मी यंत्र मोडणार अशी त्यांची खात्री झालेली आहे.

तुझं पार्सल परवा पोचलं. बारा कापडं, प्रत्येकाची नऊ चौकोनांत घडी, आणि इस्त्री अशी की उलगडायला जीव होत नाही. मिस्सेच्या विधीत वाइनच्या चषकाखाली अंथरायचं हातभर कापड ते काय, पण इतर बिशपांची कापडं मठातल्या सिस्टर धुतात आणि माझी एकतीस वर्षं बहिणीच्या धुलाईच्या दुकानात जातात, यावरून इथे माझी बरीच चेष्टा होते. होऊ दे. चेष्टा करणाऱ्यांची कापडं मी पाहिलेली आहेत.

घरचं सगळं ठीक. आमच्या स्वयंपाकीणबाई, म्हणजे तुझ्या 'हवालदार', माझ्यावर रुसल्यात, कारण मी सूप सोडलं. वयाप्रमाणे पातळ पदार्थ पचत नाहीत, दुसरं काही नाही. त्यांना मात्र वाटतं की मीठ कमी-जास्त झालं. रोज दाराशी उभं राहून मी पाव आणि अंडं खातो की नाही ते बघतात. पोलिसी पहाराच म्हण ना.

आता मोठी बातमी. चोपन्न चर्चपैकी बावन्न चर्चमधल्या वेदी फिरल्या! रोमची धर्मसभा संपून वर्षही झालं नाही, आणि आपल्या लोकांनी एवढं करून दाखवलं. शेकडो वर्षं धर्मगुरू भिंतीला टेकलेल्या वेदीपुढे उभा राहायचा, लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये पुटपुटायचा, आणि लोक आपले मागे बसून माळ ओढायचे. आता वेदी भिंतीपासून सोडवून पुढे आणायची, फादरनी तिच्यामागे लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, आणि बोलायचं ते लोकांच्या भाषेत. गंमती तर विचारू नकोस. एका फादरना मिस्सेत दर दोन मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ बघायची सवय होती. वीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. पहिल्याच रविवारी सगळ्या गावाला कळलं. आता ते घड्याळ घरी ठेवून येतात.

तुला हे सगळं पसंत नाही, माहीत आहे. 'देवाकडे पाठ करून उभे राहता, लाज नाही वाटत?' हे तुझं वाक्य मी धर्मसभेतल्या भाषणातसुद्धा घेतलं होतं, उत्तर देण्यासाठी. टाळ्या पडल्या होत्या. तुझं नाव सांगितलं नाही, घाबरू नकोस.

दोन वेदी राहिल्यात. एक टेकडीवरच्या म्हाताऱ्या फादरांची. वय अठ्ठ्याहत्तर, खोपडी दगडाची. तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. चौथं कडक लिहिलं, तर हे उत्तर आलं: 'आपल्या कॅथेड्रलची वेदी फिरली की कळवावे. दुसऱ्या दिवशी माझी फिरवतो.' बघितलास आगाऊपणा!

कारण दुसरी राहिलेली वेदी माझीच आहे, आर्चबिशपच्या मुख्य चर्चमधली. गवंडी म्हणतो, दगड जड आहे, हलवला तर खालची फरशी खचेल. अशी कामं घाईने होत नाहीत. त्यामुळे तू महिनाअखेरीला येणार होतीस ते जरा पुढे ढकल. सगळीकडे धूळ आहे, तुझ्या छातीला बाधेल.

गुडघ्याला तेल चोळत जा. दुकानातल्या बायकांना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ


गुरुवार, २९ सप्टेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हे, उलटतपासणी. ठीक आहे, एकेक उत्तर देतो.

सही टाइप का केली? कागद यंत्रात होता म्हणून. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

मी धुवायला धाडलेल्या गेल्या पार्सलातल्या बारांपैकी सात कापडांवर डाग का होते? यंदाची वाइन जास्त लाल आहे. दुकानदार बदलला. चषकाच्या काठावरून एखादा थेंब ओघळतो, तसं पूर्वीही व्हायचंच. आणि तुला माहीतच आहे, नियमाप्रमाणे या कापडांचं पहिलं पाणी धर्मगुरूनेच काढायचं असतं. ख्रिस्ताच्या पवित्र रक्ताचा थेंब लागलेलं कापड तसंच कसं धुलाईला द्यायचं? ते पहिलं पाणी मी स्वतः काढतो, चांगला साबण लावून खसखसून चोळतो, तरी डाग जात नाहीत. म्हणजे वाइनच वाईट.

धूळ अजून आहे का? आहे.

गवंडी बरा आहे का? उत्तम आहे. कालच भेटला. म्हणाला, 'फरशी कशाला खचेल? मी केव्हाच तयार आहे, साहेब, तुम्हीच थांबा म्हणता.' चारचौघांत म्हणाला. गवंड्यांना कुठे काय बोलावं याचं काही भान नसतं.

तर व्हायचं ते झालं. कॅथेड्रलच्या फादरांनी मला बैठकीत घेरलं. त्यातले एक, जे एरवी माझ्यापुढे पानसुद्धा हलवत नाहीत, ते म्हणाले, 'बाहेर लोक बोलतात. आर्चबिशप सगळ्यांना फिरवतो आणि स्वतः भिंतीला चिकटून आहे.' मग मी भडकलो, टेबलावर मूठ आपटली, आणि त्या रागातच तारीख देऊन टाकली. ६ नोव्हेंबर, रविवार. आता चर्चच्या दारावर पाटी लागलीय.

त्या दिवशी मिस्सा मीच म्हणायला हवी असं काही नाही. सहायक बिशप आहेत, आवाज गोड, उंची चांगली. लोकांनाही नवा चेहरा बरा. मला त्या सुमारास थोडी सर्दी असण्याचा संभव आहे.

हसू नकोस. माणसाला आधीपासून अंदाज येतो.

अक्का, एक उगाचच विचारतो. बाबांच्या घड्याळांच्या दुकानातला बाक तुला आठवतो का? मला तो भिंतीकडे तोंड केलेलाच आठवतो. पण दुकानाला तर रस्त्याकडे चांगली मोठी खिडकी होती. उजेड सोडून माणूस भिंतीकडे तोंड करून बारीक काम का करेल? बाबा म्हणायचे, रस्त्यावरची तिरीप डोळ्यांत जाते. असेल. परवा वेदीपुढे उभा असताना अचानक आठवलं, इतकंच.

हवालदारबाईंनी तुला सांगायला सांगितलंय की मी चहाही अर्धा कप पितो. सांगितलं. आता त्यांचं समाधान झालं असेल.

तुझा भाऊ


सोमवार, १७ ऑक्टोबर

अक्का,

तुझं पत्र शनिवारी सकाळी आलं. पाच ओळी. तुला परत लिहून दाखवतो, म्हणजे तुलाही कळेल की तू काय केलंस.

'साबण आधी लावू नकोस. वाइनच्या डागाला साबण आधी लागला की डाग जन्माचा बसतो. आधी थंड पाणी, मग मीठ, मग मी बघते. बाबांचा बाक खिडकीतच होता, तू आठ वर्षांचा असताना त्यांनी तो भिंतीकडे फिरवला. तुझा हात कधीपासून कापतोय?'

पहिल्यांदा तर मी चिडलो. दहा मिनिटं खोलीत येरझारा घातल्या. मग खुर्चीत बसलो आणि रडलो, आर्चबिशप असून, अंगठी-बिंगठी घालून. तू एकतीस वर्षं माझी कापडं धुतेयस आणि सात महिने तुला दिसतंय. आणि मी इकडे साबण लावून लावून एकेक डाग पक्का करत होतो, तुझ्यापासून लपवायला.

दोन वर्षं झाली, अक्का. धर्मसभेच्या शेवटून दुसऱ्या सत्रात सुरू झालं. वेदी फिरवायच्या ठरावावर मी याच हाताने 'हो' लिहिलं, आणि त्याच महिन्यात एके सकाळी पेन्सिल कागदावर टिकटिक वाजायला लागली. हात नुसता मांडीवर असला की गप्प असतो. काही उचललं की सुरू. चमचा, कप, पेन, चषक. म्हणून सूप नाही, म्हणून टाइपरायटर, म्हणून मी न्हाव्याकडून दाढी करून घेतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही नाही, घराण्यात असतो, वाढत जाईल. तोपर्यंत मला बाबांचं काही माहीत नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं.

तू चौदा वर्षांची असशील. त्या बाकावर बाबांच्या शेजारी बसून तू चिमट्याने इवले इवले स्क्रू लावायचीस. मला तुझा भयंकर हेवा वाटायचा. मला का नाही बसू देत म्हणून मी भोकाड पसरायचो आणि बाबा म्हणायचे, 'तू धांदल्या आहेस, सांडशील.' तेव्हापासून मी घरात धांदल्या. आता कळतं, सांडत कोण होतं. तू त्यांचा हात झाली होतीस, आणि घरात कुणाला सांगितलं नाहीस. मला तर इतक्या वर्षांतही नाही.

आणि गल्लीतले लोक म्हणायचे, घड्याळजी पितो. हे मात्र मला तेव्हाही माहीत होतं. एक मुलगा शाळेत म्हणाला होता, मी त्याचा दात पाडला. बाबांनी आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही. पण पाठ करून बसलेल्या माणसाबद्दल लोक वाटेल ते बोलतात, आणि गिऱ्हाइकं गेली, आणि दुकान गेलं.

मला त्याचीच भीती वाटते. आता स्पष्टच लिहितो. वेदीवर वाइनचा चषक धरलेला म्हातारा, समोर दीड हजार माणसं, आणि हात थरथरतोय. काय म्हणतील ते सांगायला नको. आणि ज्यांना लॅटिन हवं होतं ते म्हणतील, बघा, देवाकडे पाठ केली, देवाने हात धरला. पाठ करून होतो तोवर झाकलेलं होतं. मीच ते उघडं करायचा ठराव केला, टाळ्या घेतल्या, आणि आता गवंड्याच्या पदराआड लपतोय.

राजीनामाही टाइप केलाय. 'वय आणि प्रकृती' वगैरे. टेबलाच्या वरच्या खणात आहे. सही तेवढी राहिलीय.

आता टेकडीवरच्या फादरांचं ऐक. शनिवारीच दुपारी मी गाडी घेऊन गेलो. एका खिशात त्यांना पदावरून दूर करायचा हुकूम, दुसऱ्या खिशात तुझं पत्र. ते भाजीच्या वाफ्यात गुडघ्यावर बसून तण उपटत होते. मला बघून उठलेही नाहीत. म्हणाले, 'हुकूम आणलात ना? हात मातीचे आहेत, जरा थांबा.'

स्वयंपाकघरात बसलो. चहा केला त्यांनी. मी आवाज चढवून विचारलं, 'तुम्हाला नेमकी अडचण काय आहे? लॅटिन हवंय? जुनी चाल हवीय?'

'नाही हो,' म्हणाले. 'मला लॅटिन कधीच धड आलं नाही. मला रडू येतं.'

मला वाटलं, म्हातारा चळला. ते म्हणाले, 'भाकर वर उचलली की येतं. दीक्षा झाली त्या दिवसापासून, बावन्न वर्षं. दुःखाने नाही. कशाने ते मलाही कळलेलं नाही. नाक गळतं, तोंड वेडंवाकडं होतं. पाठीला कुणी काही विचारत नाही, साहेब. आता हे ध्यान घेऊन गावासमोर उभा राहू?'

अक्का, मी या माणसाला चार पत्रं लिहिली. शाळामास्तर मुलाला लिहिणार नाही अशी. मी कप उचलला. बशी खडखडली. गच्च पकडली तर आणखी खडखडली. ते बघत राहिले. मग विचारलं, 'कधीपासून?'

तुझाच प्रश्न. एकाच दिवसात दोनदा.

मी सांगितलं. सगळं, बाबांसकट. त्यांनी कुठलाही उपदेश केला नाही. माझा कप घेतला, अर्धा चहा किटलीत परत ओतला आणि बशी काढून घेतली. 'आवाज बशीचा असतो,' म्हणाले. 'बशी नसली की फारसं कळत नाही.' मग आम्ही दोघे म्हातारे बसून हसलो, पोट दुखेपर्यंत. निघताना त्यांनी शब्द दिला आणि घेतला: ६ तारखेला मी, १३ तारखेला ते.

हुकूम त्यांच्या चुलीत गेला. राजीनामा मात्र अजून खणात आहे, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी सही करावीशी वाटते, रोज संध्याकाळी नको वाटते.

धूळबीळ काही नाही. तू ये. नवी मिस्सा तुला आवडणार नाही, नाही तर नाही, पण ये. पुढच्या बाकावर बस. बाबांच्या शेजारी बसायचीस तेवढ्या अंतरावर.

आणि एक सांग, बाबा हात कसा सावरायचे? काही युक्ती होती का?

तुझा,
धांदल्या


सोमवार, ७ नोव्हेंबर

माझी अक्का,

हे पत्र हाताने लिहितोय. चष्मा लाव, दिवा जवळ घे आणि चिडू नकोस. मुंग्यांची रांग पावसात सापडल्यासारखं दिसेल, पण अक्षरं माझीच आहेत. शाईचा डाग पडलाय तो तसाच ठेवलाय, साबण लावलेला नाही.

काल तू जेवायलासुद्धा थांबली नाहीस. दुपारच्या बसने निघून गेलीस, हवालदारबाईंनी तुझ्यासाठी केलेलं सगळं तसंच राहिलं आणि त्याबद्दल बोलणी मी खाल्ली. पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून बसलोय. तू पुढच्या बाकावर होतीस. तुझ्या मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. मला दिसलं.

वेदीमागे जाऊन उभा राहिलो, मान वर केली, आणि अक्का, मला आधी काही कळेचना. छत्तीस वर्षं मी धर्मगुरू आहे. प्रवचनाच्या वेळी लोक मला दिसतात, पण तेव्हा ते सावरून बसलेले असतात. मिस्सा चालू असताना लोक कसे दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं. चौथ्या रांगेत कापडदुकानदार गाढ झोपला होता, तोंड उघडं. एक बाई नवऱ्याच्या कोटाचं बटण घट्ट आहे का ते ओढून बघत होती. खांबाजवळ आमचा गवंडी माझ्याकडे नाही, माझ्या पायांखालच्या फरशीकडे बघत होता, खचते का म्हणून. दोन बहिणी एकमेकींशी कडाकडा भांडत होत्या, ओठ न हलवता. दोन वर्षं मला वाटत होतं, मी समोर आलो की तीन हजार डोळे माझ्या हातावर लागतील. अगं, निम्म्यांचं तर लक्षच नव्हतं!

बाकीच्यांचं होतं, हेही खरं. भाकर उचलली तेव्हा हात कापला. तू सांगितलेली बाबांची युक्ती केली, कोपर बरगडीला घट्ट टेकवलं. थोडी मदत झाली. तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या शिंपिणीने ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर कळलं की पाहिलंय. मी डोळे मिटणार होतो. पण तिने मान खाली घातली नाही, आणि दयाही दाखवली नाही. आपल्याच हाताकडे एकदा बघितलं आणि परत माझ्याकडे. बस, एवढंच.

आणि मागच्या दाराशी टेकडीवरचे फादर उभे होते. ढसाढसा रडत होते. काय ते ध्यान, खरंच! नाक लाल, रुमाल कानापर्यंत. पण ते शेजारच्या माणसापासून लपवत नव्हते. येत्या रविवारची तालीम करत असावेत.

मग चषक. दोन्ही हातांनी धरला, कोपरं बरगडीला, तरी वर नेता नेता तो हिसका बसलाच, आणि तीन थेंब पडले. पांढऱ्याशुभ्र कापडावर, अगदी मधोमध. दीड हजार माणसांत चिडीचूप झालं, झोपलेला दुकानदारसुद्धा जागा झाला. हात वर, थेंब खाली, आणि कुठेही पाठ करायला जागा नाही. तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं.

तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. माझ्या हाताकडेही नाही. तू कापडाकडे बघत होतीस, दुकानात गाठोडं उलगडल्यावर बघतेस तशी, आणि तुझे ओठ हलत होते. सगळ्या चर्चला वाटलं असेल, आर्चबिशपची बहीण प्रार्थना करतेय. मला ऐकू आलं नाही, पण तू काय म्हणत होतीस ते मला पक्कं माहीत आहे. थंड पाणी. आधी थंड पाणी.

मला इतकं हसू आलं की चषक खाली ठेवताना हात कमी कापला. ते हसू बऱ्याच जणांनी पाहिलं. आता लोक म्हणतात, नव्या मिस्सेत आर्चबिशप आनंदाने हसले. म्हणू देत.

दोघं-तिघं पायऱ्यांवर 'घेतात वाटतं थोडी' असंही म्हणाले. ते हवालदारबाईंच्या कानावर गेलं. मला आडून कळलं की त्यांनी तिथेच कंबरेला पदर खोचून सगळ्यांना सुनावलं, 'चार महिने माझं सूप त्यांच्या घशाखाली गेलं नाही, वाइन काय पितात मेले!' येत्या रविवारी मी स्वतः प्रवचनात सांगणार आहे, हाताचं, आणि घड्याळजींचंही. बाबांचं नाव घेऊन सांगणार आहे की त्या माणसाने कधी थेंब घेतला नाही. पन्नास वर्षं उशीर झाला, पण आता लोकांकडे तोंड आहेच, तर वापरून घेतो.

आणि मिस्सेनंतर वस्त्रांच्या खोलीत तू आलीस, नळाशी मला उभं केलंस, नियमाप्रमाणे पहिलं पाणी मीच काढायचं म्हणून स्वतः बोटही लावलं नाहीस, नुसती शेजारी उभी राहिलीस आणि 'चोळू नकोस, सोड पाण्यात, वाट बघ' म्हणत राहिलीस. पाणी गुलाबी झालं. डाग गेला. मी कसं झालं विचारलं, तर म्हणालीस, 'मिस्सा कळली. आवडली नाही.' मग ओलं कापड रुमालात बांधून बस गाठलीस. अक्का, तुझ्या कौतुकाची ही तऱ्हा मला बासष्टाव्या वर्षीही पुरते.

येत्या पार्सलात कापडं जास्त डागाळलेली असतील. हात बरा होणार नाही. मी आता फक्त थंड पाण्यातून काढून पाठवत जाईन, पुढचं तू बघ. जमेल तितके दिवस वेदीवर उभा राहीन. जमेनासं झालं की तुलाच आधी कळेल, नेहमीसारखं.

आणखी एक. हा शेवटचा कागद पाठकोरा वापरलाय, उलटून बघ. मागच्या बाजूला टाइप केलेला तो राजीनामा आहे, खणातला. वाचून झाला की इस्त्रीच्या कोळशावर टाक. त्या बाजूला सही करायची राहिली होती, ती या बाजूला करतो. दोन मिनिटं लागतील, पण करतो.

तुझा, सगळ्यांसमोर सांडणारा,

धांदल्या